ओबीएस स्टुडिओमध्ये आवाज आणि चित्र जुळेनासे झाले, तर आधी फरकाचा प्रकार ओळखावा

ओबीएस स्टुडिओवर कार्यक्रमांचे थेट प्रक्षेपण करणारी मंडळी आता कोल्हापुरात पेठापेठांत आहेत. शाहू स्मारक भवनातील व्याख्यान असो, खासबागेतील कुस्त्या असोत, शाहू स्टेडियमवरील फुटबॉलचा सामना असो किंवा एखाद्या मंडळाचे भजन असो, एक लॅपटॉप, एक-दोन कॅमेरे, कॅमेऱ्याचे चित्र लॅपटॉपमध्ये आणणारे एक कॅप्चर कार्ड आणि साउंडवाल्यांच्या मिक्सरमधून आलेली एक वायर एवढ्या सामग्रीवर काम उभे राहते. हे सॉफ्टवेअर २०१२ पासून उपलब्ध आहे, मुक्तस्रोत आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर पूर्णपणे मोफत चालते. एखाद्या तालमीला किंवा शाळेला पैसे न भरता इतके समर्थ साधन मिळते, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही दोन-तीन तासांच्या कार्यक्रमांबद्दल एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: वक्त्याचे ओठ आणि शब्द जुळत नाहीत, तबल्यावरची थाप दिसण्याआधीच ऐकू येते, किंवा सुरुवातीला सगळे नीट असते आणि शेवटी बिघडलेले असते.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात. ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’ उघडायची, आवाज चित्राच्या तुलनेत मागे-पुढे सरकवणाऱ्या ‘सिंक ऑफसेट’च्या रकान्यात अंदाजाने एखादा आकडा टाकायचा आणि बरे वाटेपर्यंत तो वर-खाली करायचा. कधी तो आकडा लागू पडतो, पण पुढच्या कार्यक्रमात तोच आकडा चुकीचा ठरतो आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. याचे कारण असे, की बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या तक्रारीमागे तीन वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि सिंक ऑफसेट हा त्यांपैकी फक्त एकावरचा उपाय आहे. उरलेल्या दोन बिघाडांत तो वापरला, तर मूळ दोष झाकला जातो आणि तपास अधिक अवघड होतो.

पहिल्या प्रकारात फरक स्थिर असतो, म्हणजे कार्यक्रमाच्या पहिल्या मिनिटाला आवाज जितका पुढे असतो तितकाच तो दोन तासांनंतरही असतो. दुसऱ्या प्रकारात फरक वाढत जातो. आरंभी सर्व जुळलेले असते आणि मिनिटागणिक अंतर पडत जाते. तिसऱ्या प्रकारात फरक अचानक पडतो. बराच वेळ सर्व ठीक चालते, मग एखाद्या क्षणी आवाज खरखरतो किंवा क्षणभर तुटतो आणि तिथून पुढे सगळेच सरकलेले राहते. आपला बिघाड यांपैकी कोणता हे ठरल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

मोजणी कशी करावी

सर्वप्रथम तक्रार कोणाची आहे ते पाहावे. एकाच प्रेक्षकाला आवाज मागे वाटत असेल आणि इतरांना नसेल, तर दोष बहुधा त्याच्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये असतो. ब्लूटूथवरून आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग, काही वेळा त्याहूनही अधिक वेळ लागतो आणि सर्वच ॲप तो वेळ धरून चित्र थांबवत नाहीत. आपण स्वतः तपासतानाही वायरचाच हेडफोन वापरावा.

दुसरी काळजी याहून महत्त्वाची आहे. ओबीएसच्या पडद्यावर दिसणारे चित्र आणि ‘मॉनिटरिंग’मधून कानात येणारा आवाज यांवरून जुळणी कधीही ठरवू नये. मॉनिटरिंगच्या आवाजाला स्वतःचा वेगळा विलंब असतो आणि तो प्रेक्षकांकडे जाणाऱ्या आवाजाला लागू नसतो. सभागृहात बसून कानाने प्रत्यक्ष आवाज ऐकत पडद्याकडे पाहणे तर त्याहून फसवे. खरे काय जाते आहे, हे फक्त रेकॉर्ड झालेल्या फाइलवरून कळते. म्हणून चाचणीसाठी नेहमी रेकॉर्डिंग करावे आणि ती फाइल केडेनलाइव्ह किंवा शॉटकट यांसारख्या मोफत संपादन सॉफ्टवेअरमध्ये उघडून फ्रेम आणि आवाजाची लहर शेजारी शेजारी पाहावी.

चाचणीला असा आवाज हवा, ज्याचा क्षण डोळ्यांनाही अचूक दिसतो. चित्रपटाच्या सेटवर त्यासाठी क्लॅप असतो; आपल्याकडे आखाड्यात तो आयताच मिळतो. पैलवान शड्डू ठोकतो तेव्हा हात मांडीला लागल्याची नेमकी फ्रेम दिसते आणि आवाजाच्या लहरीत उभा टोकदार सुळका दिसतो. हलगीवरचा टोला, फुटबॉलची पहिली किक किंवा साधी टाळी यांनीही काम भागते. शिट्टी मात्र उपयोगाची नाही, कारण पंचाने ती नेमकी कधी फुंकली हे चित्रावरून ठरवता येत नाही. सेकंदाला २५ फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, ५० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये २० मिलिसेकंदांची. कॅमेऱ्यातून ५० फ्रेम मिळत असतील तर चाचणीपुरती तीच निवडावी, म्हणजे मोजमाप अधिक बारीक होते.

अशी टाळी सुरुवातीला एकदा, अर्ध्या तासाने एकदा आणि तासाभराने एकदा रेकॉर्ड करावी आणि मधल्या वेळात काहीही बदलू नये. तिन्ही ठिकाणचा फरक सारखा आला तर बिघाड पहिल्या प्रकारचा, प्रमाणात वाढत गेला तर दुसऱ्या प्रकारचा आणि दोन मोजण्यांच्या मध्ये एकदम उडी दिसली तर तिसऱ्या प्रकारचा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लॅपटॉप आणि कॅमेरा घरीच जोडून ठेवून ही चाचणी करता येते. त्यासाठी सभागृह लागत नाही.

किती फरक सहन होतो, याचाही अंदाज असावा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला, की तो प्रेक्षकांना जाणवू लागतो; मागे पडलेला आवाज मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. दूरचा आवाज उशिरा ऐकण्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. तो आधी ऐकण्याची नाही. म्हणून थोडी चूक राहणारच असेल, तर ती आवाज किंचित मागे ठेवण्याच्या बाजूने राहू द्यावी.

फरक स्थिर असेल तर

हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे आणि यात जवळजवळ नेहमी आवाज पुढे असतो. कॅमेऱ्याच्या आत चित्रावर प्रक्रिया होते, ते एचडीएमआयमधून कॅप्चर कार्डात जाते, तिथे त्याचे रूपांतर होते आणि मग ते यूएसबीने लॅपटॉपमध्ये पोहोचते. या वाटेत चित्राचे काही फ्रेम इतका वेळ जातो. आवाज मात्र मिक्सरमधून थेट येतो आणि काही मिलिसेकंदांत लॅपटॉपमध्ये हजर होतो. चित्र लांबच्या रस्त्याने आले आणि आवाज जवळच्या, इतकीच ही गोष्ट आहे. मधे चित्र पाठवणारी वायरलेस यंत्रणा असेल तर फरक आणखी वाढतो.

यावरचा सर्वांत टिकाऊ उपाय ऑफसेटचा आकडा नाही. मिक्सरचा आवाज कॅमेऱ्याच्याच ऑडिओ इनपुटमध्ये द्यावा आणि ओबीएसमध्ये तो एचडीएमआयमार्गे चित्रासोबतच घ्यावा. असे केल्याने दोघांची वाट एक होते, विलंब दोघांनाही सारखाच लागतो आणि दोघे एकाच घड्याळावर चालतात. त्यामुळे पुढे सांगितलेला दुसऱ्या प्रकारचा बिघाडही बहुतांशी मिटतो. अट एवढीच, की मिक्सरमधून येणारा सिग्नल लाइन पातळीचा, म्हणजे जोरकस असतो आणि पुष्कळ कॅमेऱ्यांचे इनपुट माइक पातळीचे, म्हणजे क्षीण सिग्नलसाठी असते. वायर सरळ खुपसली तर आवाज फाटतो. साउंडवाल्यांकडून स्वतंत्र ऑक्स आउटपुट (मिक्सरमधून वेगळी पातळी ठेवता येणारी जोडणी) मागून घ्यावे, त्याची पातळी पुरेशी खाली ठेवावी, शक्य असेल तर मध्ये पातळी कमी करणारा पॅड लावावा आणि कॅमेऱ्याचे आवाज आपोआप कमी-जास्त करणारे सेटिंग बंद करावे. साउंडवाले कार्यक्रमाच्या ऐन वेळी घाईत असतात, म्हणून ही मागणी मंडप उभारतानाच त्यांच्या कानावर घालावी.

या मार्गात स्वस्त कॅप्चर कार्डांची एक अडचण आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक लहान एचडीएमआय डोंगलमध्ये एमएस २१०९ नावाची चिप असते. तिच्यात आवाज प्रत्यक्षात ४८ किलोहर्ट्झ आणि दोन चॅनेलचा असतो, पण ती संगणकाला तो ९६ किलोहर्ट्झ आणि एकाच चॅनेलचा असल्याचे सांगते. असा डोंगल असेल तर त्याच्यामार्फत आवाज घेण्याच्या भरीस पडू नये. चित्र त्यातून घ्यावे आणि आवाज वेगळ्या यूएसबी साउंड कार्डातून घ्यावा.

आवाज वेगळाच घ्यावा लागत असेल तेव्हा सिंक ऑफसेट हे योग्य साधन आहे. ‘एडिट’ मेनूतून ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’ उघडावी आणि त्या माइकच्या किंवा मिक्सरच्या ओळीत मोजून काढलेला आकडा मिलिसेकंदांत लिहावा. धन आकडा आवाज मागे नेतो. समजा २५ फ्रेमच्या फाइलमध्ये शड्डूचा आवाज हात मांडीला लागण्याच्या तीन फ्रेम आधी दिसला, तर १२० लिहावे आणि लगेच दुसरी फाइल रेकॉर्ड करून पडताळावे. ऋण आकडा ९५० मिलिसेकंदांपर्यंतच देता येतो आणि तो देण्याची गरज भासली तर थोडे थांबून विचार करावा, कारण मिक्सरमधून आलेला आवाज चित्राच्या मागे पडणे हे सहसा घडत नाही. तसे दिसत असेल तर आवाजाच्या वाटेतच कुठेतरी अनपेक्षित विलंब शिरलेला असतो.

काढलेला आकडा त्या कॅमेऱ्याचा, त्या मोडचा आणि त्या कॅप्चर कार्डाचा असतो. कॅमेऱ्यात चित्र स्थिर करणारे सेटिंग चालू केले, किंवा १०८० पी ऐवजी १०८० आय निवडले, तर आतली प्रक्रिया बदलते आणि तिच्याबरोबर विलंबही बदलू शकतो. म्हणून एका कार्यक्रमाचा आकडा दुसऱ्या कार्यक्रमात डोळे झाकून वापरू नये.

एकाच दिवशीसुद्धा आकडा टिकत नसेल, तर ओबीएसमधल्या दोन गोष्टी तपासाव्यात. ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डीॲक्टिव्हेट व्हेन नॉट शोइंग’ असा पर्याय असतो. त्यावर खूण असेल तर दृश्य (सीन) बदलताच ते उपकरण बंद होते आणि परत आल्यावर नव्याने सुरू होते; प्रत्येक वेळी विलंब नेमका तेवढाच राहील याची खात्री देता येत नाही. ती खूण काढून टाकावी. तिथेच ‘बफरिंग’, म्हणजे आलेले चित्र थोडे साठवून मग पुढे देण्याचा पर्याय आहे. तो ‘ऑटो’वर न ठेवता, थेट कॅमेऱ्यासाठी स्पष्टपणे बंद करावा आणि मगच मोजणी करावी.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. एकच साउंड कार्ड ‘सेटिंग्ज’मधील ‘ऑडिओ’ विभागात माइक म्हणून निवडलेले असते आणि शिवाय दृश्यामध्येही ‘ऑडिओ इनपुट कॅप्चर’ म्हणून जोडलेले असते. ओबीएसच्या ‘ऑडिओ मिक्सर’मध्ये त्याच्या दोन पट्ट्या दिसतात, त्यातल्या एकीलाच ऑफसेट दिलेला असतो आणि प्रेक्षकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हा घुमारा सभागृहाचा आहे असे समजून साउंडवाल्यांशी वाद घालण्याआधी या पट्ट्या मोजाव्यात.

दोन माइक आणि मधले अंतर

मैदानी कार्यक्रमांत स्थिर फरकाचे एक वेगळे रूप दिसते आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. खासबागेसारख्या गोल, खोलगट मैदानात वरच्या बाजूला कॅमेरा लावला आणि तो हौद्यापासून, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यापासून ३५ मीटर दूर असला, तर शड्डूचा आवाज कॅमेऱ्यावरच्या माइकपर्यंत पोहोचायला १०० मिलिसेकंद लागतात. समालोचकाचा माइक मात्र त्याच्या तोंडासमोरच असतो आणि हलगीजवळ ठेवलेला माइकही जवळचाच असतो.

आता कॅप्चर कार्डामुळे चित्राला समजा १०० मिलिसेकंदांचा विलंब आहे. लॅपटॉपला वायरने जोडलेला आणि कॅमेऱ्याशेजारी ठेवलेला गर्दीचा माइक घेतला, तर त्याचा आवाज हवेतून १०० मिलिसेकंद उशिरा आला आणि चित्रही तेवढेच उशिरा आले. दोन्ही योगायोगाने तंतोतंत जुळले. त्याच वेळी हौद्याजवळच्या माइकचा आवाज १०० मिलिसेकंद पुढे राहिला. अशा स्थितीत सर्व माइकांना सरसकट एकच ऑफसेट दिला, की जवळचा माइक जुळतो आणि गर्दीचा माइक बिघडतो. मग प्रक्षेपणात प्रत्येक टोला दोनदा ऐकू येतो आणि दोष प्रतिध्वनीवर जातो.

याचा अर्थ असा, की प्रत्येक माइकची मोजणी स्वतंत्र करायला हवी. ओबीएसमध्ये प्रत्येक स्रोताचा ऑफसेट वेगळा देता येतो, ही सोय नेमकी यासाठीच आहे. चाचणीच्या वेळी बाकीचे माइक बंद ठेवून एकेका माइकवर टाळी रेकॉर्ड करावी. रेकॉर्डिंगमध्ये सहा स्वतंत्र ऑडिओ ट्रॅक ठेवता येतात. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर टाकला तर एकाच टाळीत सर्वांचे मोजमाप होते आणि नंतर संपादनातही मोकळीक राहते. सभागृहातील गाण्याच्या मैफलीलाही हाच नियम लागू आहे: मिक्सरमधून आलेला गायकाचा आवाज आणि दाद-वाहवा टिपण्यासाठी मागच्या रांगेजवळ ठेवलेला माइक एकत्र मिसळायचे असतील, तर मागच्या माइकच्या अंतराइतका विलंब मिक्सरच्या आवाजाला जादा द्यावा लागतो. रंगमंचापासून तो १५ मीटरवर असेल तर सुमारे ४५ मिलिसेकंद. इतका हिशेब केला नाही तर गायकाचा स्वर पोकळ ऐकू येतो आणि चांगली मैफल वाया जाते.

आवाज मागे नेण्याऐवजी चित्र मागे नेण्याची वेळ क्वचित येते, उदाहरणार्थ आवाजावर बाहेरच्या एखाद्या यंत्रात मोठी प्रक्रिया होत असेल तेव्हा. त्यासाठी कॅमेऱ्याच्या स्रोतावर ‘व्हिडिओ डिले’ हा फिल्टर लावावा. ‘रेंडर डिले’ हा दुसरा फिल्टर इतर स्रोतांवरही चालतो, पण त्याची मर्यादा ५०० मिलिसेकंदांची आहे.

फरक वाढत जात असेल तर

प्रत्येक डिजिटल उपकरणात स्फटिकावर चालणारे स्वतःचे घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत. दहा लाखांत ५० भाग एवढाच फरक असला, तरी तासाला १८० मिलिसेकंद आणि तीन तासांना अर्ध्या सेकंदाहून अधिक अंतर पडते. कॅमेऱ्याचे चित्र आणि वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज नंतर एकत्र करणाऱ्यांना हा अनुभव नेमाने येतो. तो यंत्राचा बिघाड नसून स्वभाव आहे.

ओबीएसच्या आत मात्र काही प्रमाणात हे आपोआप सांभाळले जाते. आवाजाच्या वेळेतील तफावत सुमारे ७० मिलिसेकंदांच्या पुढे गेली की ओबीएस वेळेची पुन्हा जुळणी करते आणि त्या क्षणी कधीकधी बारीक ‘टक्’ ऐकू येते. ठराविक काळाने असा आवाज येत असेल तर त्यामागे घड्याळांचा फरक असण्याचा संभव मोठा. फरक न थांबता वाढतच असेल, तर उपकरणाचा ड्रायव्हर (ते संगणकाशी जोडणारे सॉफ्टवेअर) वेळेच्या चुकीच्या नोंदी देत असावा. ‘ऑडिओ इनपुट कॅप्चर’च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘यूज डिव्हाइस टाइमस्टॅम्प्स’ हा पर्याय आहे. तो चालू असेल तर बंद करून आणि बंद असेल तर चालू करून तासाभराची चाचणी पुन्हा घ्यावी.

त्याबरोबरच नमुना दर (सॅम्पल रेट), म्हणजे सेकंदाला आवाजाचे जितके नमुने घेतले जातात तो आकडा, सगळीकडे एकच ठेवावा. ओबीएसच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ऑडिओ’ विभागात ४८ किलोहर्ट्झ, विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये त्या उपकरणाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ४८००० हर्ट्झ आणि साउंड कार्डाचे स्वतःचे सॉफ्टवेअर असेल तर त्यातही ४८ किलोहर्ट्झ. दर वेगळे असले तरी ओबीएस रूपांतर करून घेते, त्यामुळे केवळ दर जुळत नाहीत एवढ्यावरून अंतर पडतेच असे नाही. पण ४४.१ आणि ४८ यांत गोंधळलेला ड्रायव्हर असेल तर आवाज खरखरतो किंवा यंत्रमानवासारखा येतो, आणि तपास करताना ही एक शंका आधीच दूर झालेली बरी.

एवढ्यानेही वाढ थांबली नाही, तर आवाज कॅमेऱ्यामार्गे घेण्याचा वर सांगितलेला उपायच खरा. कार्यक्रम चालू असताना तात्पुरता इलाज म्हणून मध्यंतरात किंवा दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात त्या ऑडिओ स्रोताच्या प्रॉपर्टीजमध्ये दुसरे उपकरण निवडून पुन्हा मूळचे निवडावे. स्रोत नव्याने सुरू होतो आणि साचलेले अंतर शून्यावर येते. चालू गाण्यात हे करू नये.

फरक अचानक पडत असेल तर

या प्रकाराचा पुरावा ओबीएस स्वतःच लिहून ठेवते. ‘हेल्प’ मेनूतील ‘लॉग फाइल्स’मधून चालू सत्राची नोंद उघडावी आणि तिच्यात ‘ऑडिओ बफरिंग’ हे शब्द शोधावेत. एखादा स्रोत आवाज उशिरा देऊ लागला, की ओबीएस त्याच्यासाठी थांबण्याची मुदत थोडी थोडी वाढवते आणि प्रत्येक वाढीची नोंद मिलिसेकंदांत व वेळेसह करते. ही मुदत एकदा वाढली की त्या सत्रात कमी होत नाही. ती ९६० मिलिसेकंदांवर पोहोचली की ‘मॅक्स ऑडिओ बफरिंग रीच्ड’ अशी ओळ येते आणि त्यानंतर उशिरा येणारा आवाज गाळला जातो. प्रेक्षकाला तिथूनच आवाज तुटल्यासारखा किंवा सरकल्यासारखा वाटतो. नोंदीतील वेळ आणि तक्रारीची वेळ जुळली, तर कारणाचा शोध ऑफसेटमध्ये न घेता लॅपटॉपमध्ये घ्यावा.

तिथे सर्वांत आधी यूएसबीची जोडणी पाहावी. कॅप्चर कार्ड, साउंड कार्ड आणि रेकॉर्डिंगची बाहेरची हार्ड डिस्क ही तिन्ही एकाच हबवर असतील, तर ती वेगळी करून लॅपटॉपच्या स्वतंत्र पोर्टवर लावावीत. मग विंडोजच्या ऊर्जा सेटिंगमधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे. लॅपटॉप चार्जरवर आहे का तेही पाहावे. मंडपातील वीज जनरेटरवर जाते-येते तेव्हा काही क्षण तो बॅटरीवर येतो, प्रोसेसरचा वेग उतरतो आणि नेमकी त्याच क्षणी उडी पडते. छोटा यूपीएस मध्ये असला तर हा प्रश्नच उरत नाही. मोबाइलचा कॅमेरा वाय-फायवरून जोडलेला असेल तर विलंब सतत बदलता राहणार हे धरून चालावे. शक्य तिथे तो केबलने जोडावा. मुदत एकदा कमाल मर्यादेला पोहोचली असेल, तर मध्यंतरात ओबीएस बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून मार्ग नसतो.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इंटरनेट मंद असल्यामुळे आवाज आणि चित्र वेगळे होतात, या समजुतीने कित्येक जण बिटरेट (सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण) कमी करून पाहतात. इंटरनेट अपुरे पडले की ओबीएस चित्राचे काही फ्रेम गाळते आणि चित्र अडखळते, पण प्रत्येक फ्रेमची वेळ तिच्यासोबतच जात असल्याने पुढचे चित्र पुन्हा आपल्या जागी येते. यूट्यूबवर सगळेच काही सेकंद उशिरा दिसते, त्याचाही या फरकाशी संबंध नाही.

बिघडलेले रेकॉर्डिंग दुरुस्त करणे

कार्यक्रम होऊन गेला असेल आणि फक्त फाइल हातात असेल, तरी बरेच काही वाचवता येते. मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे. स्थिर फरक असेल तर संपादनात आवाजाची पट्टी मोजलेल्या फ्रेमइतकी सरकवली की झाले. वाढत्या फरकासाठी आधी सुरुवातीची टाळी जुळवावी, मग शेवटाजवळचा एखादा स्पष्ट टोला पाहून तिथले अंतर मोजावे. उदाहरणार्थ, दोन तासांच्या म्हणजे ७२०० सेकंदांच्या फाइलमध्ये शेवटी आवाज ३६० मिलिसेकंद मागे असेल, तर तो ०.००५ टक्क्यांनी वेगवान करायला हवा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमधील वेग बदलण्याच्या सोयीत हा आकडा देता येतो. इतक्या बदलाने सूर चढल्याचे कोणत्याही कानाला कळत नाही. अंतर तासाला जवळजवळ ३.६ सेकंद निघाले, तर तो घड्याळांचा फरक नव्हे, २९.९७ फ्रेमची फाइल कुठेतरी ३० फ्रेमची समजून घेतली गेली आहे आणि दुरुस्ती प्रकल्पाच्या फ्रेम दरात करायची आहे. आपल्याकडील कॅमेरे, दिवे आणि वीज यांचा विचार करता २५ किंवा ५० फ्रेम हाच दर सर्वत्र ठेवावा. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या दिव्यांची फडफडही त्यामुळे टळते. अचानक पडलेल्या फरकात मात्र प्रत्येक उडीच्या जागी आवाज कापून वेगळा सरकवावा लागतो. तिथे लॉगमधील वेळा फार उपयोगी पडतात.

एवढे करूनही कारण सापडले नाही आणि जाणकारांची मदत घ्यायची ठरवली, तर त्यांना ती लॉग फाइल, तीन ठिकाणी मोजलेला फरक, कॅमेऱ्याचा मोड आणि कोणते उपकरण कोणत्या पोर्टवर होते एवढी माहिती द्यावी. ‘आवाज जुळत नाही’ एवढ्याच वाक्यावर कोणालाही उत्तर देता येत नाही. ओबीएस शेवटच्या मोजक्याच सत्रांच्या नोंदी ठेवते आणि नवे सत्र सुरू झाले की सर्वांत जुनी नोंद पुसली जाते, म्हणून कार्यक्रम संपताच त्या दिवसाची लॉग फाइल रेकॉर्डिंगच्याच फोल्डरमध्ये वेगळी काढून ठेवावी.